एच-फोरवर असताना कम्युनिटी कॉलेजमध्ये आयटी कसं शिकायचं

एच-फोर व्हिसावर (एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्याच्या बायकोला मिळतो तो) अमेरिकेत शिकता येतं, फुल टाइम सुद्धा, आणि त्यासाठी एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा, घ्यावा लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी हुशार मुली इथे येऊन घरी बसून राहतात, बघून जीव तुटतो. मी कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांचं (दोन वर्षांपर्यंतचे कोर्स देणारी सरकारी कॉलेजं) सांगतेय, बाकी राज्यांत फी आणि नियम वेगळे.

१. आधी रेसिडेन्सी, म्हणजे फीसाठी राज्याची रहिवासी ठरणं. टर्म सुरू व्हायच्या आधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहून झालं असेल आणि इथेच राहायचंय हे कागदपत्रांवरून दिसत असेल तर फी युनिटला (क्लासचा भार मोजायचं माप) 46 डॉलर (डी अँझा, फूटहिल अशा क्वार्टरवाल्या, म्हणजे सेमिस्टरऐवजी छोट्या टर्म असलेल्या, कॉलेजात 31), नाहीतर त्याच्या कितीतरी पट. म्हणून आल्या आल्या ड्रायव्हिंग लायसन्स काढा, घराच्या लीजवर आणि बँकेत तुमचंही नाव घाला, सगळं नवऱ्याच्याच नावावर नको.

२. सीसीसीअप्लाय या प्रवेशाच्या वेबसाइटवर फॉर्म भरा, फुकट आहे. मग क्लास निवडायच्या आधी काउन्सेलरची अपॉइंटमेंट घ्याच. बीकॉम, बीएस्सी काही झालं असेल तर 60 युनिटची असोसिएट डिग्री परत करत बसू नका, नेटवर्किंगचं नाहीतर प्रोग्रामिंगचं सर्टिफिकेट पुरतं. फक्त बारावी असेल आणि पुढे युनिव्हर्सिटीत जायचं असेल तर प्रत्येक क्लास युनिव्हर्सिटीत धरला जाईल का ते असिस्ट डॉट ऑर्गवर तपासूनच घ्या.

३. सुरुवात कशाने? माझं मत विचाराल तर नेटवर्किंग. बऱ्याच कॉलेजांत सिस्को या नेटवर्किंग कंपनीच्या ॲकॅडमीचे क्लास असतात, तिच्या सीसीएनए या सर्टिफिकेट परीक्षेचे तीन कोर्स. ते ऑनलाइन घेऊ नका, लॅबमध्ये जाऊन करा, कारण फिकट निळी कन्सोल केबल लॅपटॉपला लावून खऱ्या राउटरवर 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' टाइप केलं, इंटरफेस (राउटरचं पोर्ट) 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन', म्हणजे बंद ठेवलेला दिसला, मग कळलं की तो चालू करायची 'नो शटडाऊन' कमांड द्यायची राहिलीय, ती दिली आणि पिंग (समोरच्या मशीनपर्यंत पोचतंय का ते बघायची चाचणी) गेला, की ती गोष्ट आयुष्यभर डोक्यात बसते. सोबत लिनक्स किंवा पायथन घ्या.

४. क्लास भरलाय दिसलं तर वेटलिस्टला नाव घाला आणि पहिल्या दिवशी जाऊन बसा. पहिल्या दिवशी न येणाऱ्यांना बरेचदा काढतात आणि सर तुम्हाला क्लासमध्ये नाव घालायचा ॲड कोड देतात.

५. ईएडी, म्हणजे काम करायचं परवानापत्र, नसेल तर पगारी काम चालत नाही, कॅम्पसवरची पेड इंटर्नशिप पण नाही. नवऱ्याचा आय-140 (ग्रीन कार्डसाठी कंपनीने टाकलेला अर्ज) मंजूर झाला असेल तर ईएडीचा अर्ज लगेच टाका. सीसीएनए तीनच वर्षं व्हॅलिड असतं, तेव्हा परीक्षेची तारीख ईएडीचा अंदाज बघून घ्या, क्लास मात्र येत्या सेमिस्टरलाच सुरू करा.