हादग्याच्या विषाणूपासून सुरुवात: कॅप्सिड प्रथिनांचा संगणकावर अभ्यास

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला कोळंबीचा विषाणू हवा होता. माझ्या काकांचं खाजणात कोळंबीचं तळं आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला की तीन ते दहा दिवसांत अख्खं तळं रिकामं होऊ शकतं, आणि मी ते श्रीवर्धनला डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून पुण्यात माझ्या प्रकल्पाच्या सरांकडे गेले ते त्या रोगाच्या विषाणूतल्या ‘व्हीपी२८’ या प्रथिनाचं नाव घेऊनच.

सर म्हणाले, “अगं, ते कॅप्सिड नव्हे. ते बाहेरच्या आवरणातलं प्रथिन.”

नवख्या मुलांकडून ही गल्लत हमखास होते. विषाणूंना कॅप्सिड म्हणजे प्रथिनांचं कवच असतं, आणि काहींना त्याच्यावर मेदाचं आवरणही असतं. व्हीपी२८ त्या आवरणात बसतं. कोळंबीच्या या विषाणूचं आतल्या कवचाचं मुख्य प्रथिन व्हीपी६६४ हे आहे. ते ६,०७७ अमिनो आम्लांचं, म्हणजे पहिल्या प्रकल्पाला झेपणारं नाही. सरांनी त्याऐवजी हादग्यावरचा मोझॅक विषाणू सुचवला. हा तिरुपतीच्या आसपासच्या हादग्यावर सापडला होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. आर. एन. मूर्ती यांच्या गटाने १९९५ मध्ये ३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) इतक्या बारकाव्याने त्याची रचना प्रसिद्ध केली. कवचाला एकच प्रथिन, २६८ अमिनो आम्लांचं. आमच्या परसात हादगा आहे, आई त्याच्या फुलांची भाजी करते. मी लगेच हो म्हटलं.

प्रोटीन डेटा बँक म्हणजे प्रथिनांच्या रचनांचं सर्वांना खुलं भांडार. तिथे या रचनेचा क्रमांक १एसएमव्ही (1SMV). फाइल फुकट उतरवता येते आणि कायमेराएक्स या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये उघडते. मी उघडली तेव्हा पडद्यावर ए, बी, सी अशा तीन साखळ्या दिसल्या. प्रथिन एकच, मग साखळ्या तीन कशा? आणि गोल विषाणू कुठाय? याचं उत्तर फाइलमध्येच होतं, मी ती वाचली नव्हती. ती नोटपॅडमध्ये उघडा. ‘रिमार्क ३५०’ या ओळींमध्ये आकड्यांचे तक्ते दिसतील. या तीन साखळ्या कशा फिरवायच्या आणि कुठे ठेवायच्या, त्याच्या साठ कृती तिथे लिहिलेल्या असतात. साठ वेळा तीन म्हणजे १८० प्रती, तेव्हा कुठे एक कवच पुरं होतं. फाइलमध्ये दिसतो तो साठावा हिस्सा.

हे डोक्यात शिरलं ते मात्र संगणकावर नव्हे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मी लॅपटॉप घेऊन घरी आले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, घराची कौलं उडाली आणि लाइट गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. दिवसभर बाबांबरोबर वाडीतली पडझड उपसायची आणि उजेड असेपर्यंत थोडं काहीतरी अभ्यासाचं करायचं, असं चाललं होतं. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यातून वीस सारखे त्रिकोण कापले आणि प्रत्येकावर नऊ ठिपके काढले: तीन लाल, तीन निळे, तीन हिरवे. लाल ए, निळे बी, हिरवे सी. प्रत्येक कोपऱ्याजवळ एक लाल ठिपका, मधोमध निळा-हिरवा-निळा-हिरवा असा सहांचा फेर. त्रिकोण खळीने जोडले तसे प्रत्येक टोकाशी पाच लाल ठिपके एकत्र आले. अशी टोकं बारा. म्हणजे पाचांचे बारा गट, सहांचे वीस गट, एकूण १८०.

कॅस्पर आणि क्लुग यांनी १९६२ मध्ये मांडलेला टी-क्रमांक म्हणजे हेच: प्रतींची संख्या ६० गुणिले टी. इथे टी तीन. एकच प्रथिन पाचांच्या गटातही बसतं आणि सहांच्या गटातही, म्हणून त्याला शेजारपण थोडं थोडं बदलावं लागतं. ए, बी, सी वेगळ्या दिसतात त्या यामुळे. सी साखळीचा सुरुवातीचा हात, म्हणजे पहिल्या काही अमिनो आम्लांचा लांबट भाग, बऱ्यापैकी दिसतो, कारण तो सहांच्या गटाखाली शेजारच्या हातांशी गुंफलेला असतो. ए आणि बी मध्ये तोच भाग सैल असल्यामुळे रचनेत उमटत नाही. प्रयोगशाळेत या प्रथिनाची सुरुवातीची ६५ अमिनो आम्लं काढून टाकली, तेव्हा १८० ऐवजी ६० प्रतींचं लहान कवच तयार झालं. हात नुसता लोंबत नाही, कवच केवढं होणार हे ठरवण्यात त्याचा वाटा आहे.

लाइट आल्यावर मी ग्रोमॅक्स हा प्रोग्रॅम वापरून तीन साखळ्यांचं सिम्युलेशन लावलं, म्हणजे त्यांचे अणू कसे हलतात ते संगणकाला मोजायला लावलं. लॅपटॉपवर तेवढंच करा. पुऱ्या विषाणूचं अणू-अणूचं पहिलं सिम्युलेशन २००६ मध्ये झालं, तंबाखूच्या एका चिमुकल्या उपग्रह विषाणूचं (दुसऱ्या विषाणूच्या मदतीशिवाय वाढू न शकणारा विषाणू). त्यातही पाणी धरून सुमारे दहा लाख अणू होते आणि त्यासाठी महासंगणक लागला. आणि आपल्याकडे पावसात लाइट जाणारच, तेव्हा चेकपॉइंट फाइल (थांबलेलं काम तिथूनच पुढे सुरू करता येईल अशी नोंद) वेळोवेळी लिहिली जातेय ना, हे आधी बघा.

माझ्या सिम्युलेशनमध्ये दोन साखळ्यांमधला सांधा हळूहळू उघडत गेला. मला वाटलं मोठं काहीतरी हाती लागलं. तीन आठवडे त्याचे आलेख काढले आणि सरांना पाठवले. त्यांचा फोन आला, “कॅल्शियम कुठाय?” फाइल ‘स्वच्छ’ करताना मी पाण्याबरोबर सगळ्या ‘हेटॲटम’ ओळी (पाणी, आयन अशा प्रथिनाबाहेरच्या अणूंच्या नोंदी) उडवल्या होत्या, त्यात कॅल्शियमही गेलं. या विषाणूत कॅल्शियमचे आयन नेमके शेजारच्या प्रथिनांच्या सांध्यात बसतात आणि १४६ व १४९ क्रमांकांची अस्पार्टेट, म्हणजे ऋण प्रभाराची अमिनो आम्लं, त्यांना धरून ठेवतात. आयन काढला की ऋण प्रभार उघडे पडतात आणि एकमेकांना ढकलतात. मी पाहिलेली हालचाल माझ्याच हाताने घडवलेली होती. मला फार वाईट वाटलं. पण त्या दिवसापासून मी काहीही चालवण्याआधी फाइलचा माथा ओळीनओळ वाचते, आणि काढून टाकलेल्या प्रत्येक गोष्टीची वहीत नोंद ठेवते.

आता तुमच्या हाती अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाचा आकार सांगणारं अल्फाफोल्ड आहे, त्याचंच सोपं रूप असलेलं कोलॅबफोल्ड तर ब्राउझरमध्येच चालतं. जरूर वापरा. पण एकटं प्रथिन दिलंत तर ते एकट्याचाच आकार सांगेल, कवचातले शेजारी तुम्हालाच मोजावे लागतील. सुरुवातीच्या हातावर विश्वासाचा अंक (अंदाज किती खात्रीचा, ते प्रोग्रॅमच सांगतो) कमी आला तर गणित चुकलं असं समजू नका. तो हात बहुधा खरोखरच सैल असतो, आणि आतल्या आरएनएला धरायचं काम त्याचं असतं. रामचंद्रन आलेख, म्हणजे प्रथिनाच्या कण्यातले कोन शक्य कोटीतले आहेत का हे दाखवणारा आलेख, नीट वाचता येईपर्यंत मॉडेलच्या सुंदर चित्रावर भाळू नका.

या वाटेला यायला बी.एस्सी. कुठल्या विषयात केलं याने फारसं बिघडत नाही. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम या परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर किंवा गॅट-बी ही परीक्षा, असे रस्ते आहेत. पायथॉन आणि लिनक्सच्या कमांड पहिल्या वर्षापासून शिका. मला त्या शेवटच्या वर्षी शिकाव्या लागल्या, फार धावपळ झाली. आणि प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेशी ओळख ठेवा. संगणकाने सुचवलेला बदल करून बघणारं कुणी नसेल, तर तो वहीतच राहतो.

पहिल्या आठवड्यात १एसएमव्ही उतरवा. ‘रिमार्क ४६५’ मध्ये न दिसलेल्या अमिनो आम्लांची यादी असते. ए, बी आणि सी मध्ये किती किती गळलीत ते हाताने मोजा आणि तीन आकडे एकाखाली एक लिहा. मग कायमेराएक्समध्ये पूर्ण कवच उभं करून सी साखळ्यांचे हात शोधा.