ओमाहाला कॉलेज बेसबॉल बघायला जाताय? या चुका टाळा

जून अर्धा झाला की मी कॅन्सस सिटीहून तीन तास गाडी चालवत ओमाहाला जातो, कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलची अंतिम स्पर्धा, बघायला. 1950 पासून ही स्पर्धा याच गावात होते. आधी रोझेनब्लाट स्टेडियममध्ये व्हायची, 2011 पासून गावाच्या मध्यभागी असलेल्या नव्या मैदानात होते. त्याचं आजचं नाव चार्ल्स श्वाब फील्ड. माझ्यासोबत दरवर्षी कुणीतरी नवं असतं, बहुतेक वेळा क्रिकेटवर वाढलेलं मराठी माणूस. आणि दरवर्षी त्याच त्या चुका होतात, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वीज चमकली की घरी निघणं.

नेब्रास्कातला जून म्हणजे दुपारी 35 अंशांचं ऊन आणि संध्याकाळी गडगडाट. जवळपास वीज पडली की खेळ थांबतो, आणि शेवटच्या विजेनंतर 30 मिनिटं गेल्याशिवाय सुरू होत नाही. 29 व्या मिनिटाला पुन्हा चमकली, तर घड्याळ पुन्हा शून्यावर. एका वर्षी माझा मावसभाऊ सोबत होता. तो ज्या कॉलेजात शिकला त्याचीच टीम खेळत होती आणि नऊपैकी सातव्या इनिंगला तीन रन्सनी मागे होती. ढग दाटून आले, भोंग्यावर सूचना झाली, सगळे स्टँडच्या छताखाली गेलो. दीड तास गेला. भाऊ म्हणाला, "अरे, मॅच धुतली गेली. चल, सकाळी ऑफिस आहे." मला नियम माहीत होता, तरी मी निघालो. मिझुरीत सेंट जोसेफच्या जवळ आलो तेव्हा रेडिओवर कळलं, खेळ पुन्हा सुरू झाला आणि त्याची टीम नवव्या इनिंगला जिंकली. पुढचा तासभर गाडीत कुणी बोललं नाही. ज्या टीमसाठी तो तीन तास प्रवास करून आला होता, तिचा तो क्षण त्याने रेडिओच्या खरखरीत ऐकला. आजही त्याच्यासमोर त्या मॅचचा विषय मी काढत नाही.

इथे डकवर्थ-लुईस नाही. थांबलेली मॅच जिथे थांबली तिथूनच पुढे चालू होते, त्या रात्री नाही तर दुसऱ्या दिवशी. माझी सवय सांगतो. दुसऱ्या दिवशीची रजा आधीच टाकलेली असते, गाडीत एक सुका टीशर्ट आणि मोज्यांचा जोड असतो, आणि पंच मैदान सोडून गेल्याशिवाय मी उठत नाही. ज्याला दहा वाजता घरी पोचायचंय त्याने टीव्हीवर बघावं, हे माझं प्रामाणिक मत आहे.

पाऊस नसतानाही हेच लागू. 2018 च्या फायनलची दुसरी मॅच आठवा (फायनल तीन मॅचची, दोन जिंकेल तो चॅम्पियन). आर्कान्सा 3-2 ने पुढे, नववी इनिंग, दोन आऊट (तिसरा झाला की इनिंग संपते), आणि उंच उडालेला फाऊल बॉल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका. झेलला की विजेतेपद. तीन फिल्डर धावले आणि बॉल तिघांच्या मध्ये पडला. जीवदान मिळालेल्या बॅटरने बरोबरी साधून दिली, पाठोपाठ ट्रेव्हर लार्नाकने होमरन (बेसबॉलचा षटकार) मारला, ओरेगन स्टेट 5-3 ने जिंकली आणि दुसऱ्या दिवशी चॅम्पियन झाली. पार्किंगची गर्दी टाळायला जे आधीच उठले असतील, त्यांच्या हाती काय लागलं?

त्याच ओरेगन स्टेटमुळे दुसरी चूकही सांगता येते: "पहिली मॅच हरले, आता काय बघायचं?" आठ टीम चार-चारच्या दोन गटांत खेळतात आणि दोनदा हरल्यावरच बाहेर पडतात. त्यानंतर दोन गटविजेत्यांत तीन मॅचची फायनल. त्या वर्षी ओरेगन स्टेट आपली पहिलीच मॅच हरली होती. हरलेल्या टीमला जास्त मॅच खेळाव्या लागतात, म्हणजे पिचर (बेसबॉलचे बोलर) थकून लवकर संपतात. म्हणून मी मैदानात शिरण्याआधी एकच गोष्ट बघतो, आज कोण पिच करतोय आणि तो आधी कधी खेळला. हे माहीत नसेल तर अर्धी मॅच डोळ्यांसमोरून निघून जाते.

बॅग पारदर्शकच हवी, 12 इंच रुंद, 12 इंच उंच, 6 इंच जाड. पाठीवरची सॅक घेऊन दारात हुज्जत घालू नका, ती गाडीतच ठेवा.

दुपारच्या आणि संध्याकाळच्या मॅचची तिकिटं वेगळी. पहिली संपली की बाहेर यावं लागतं.

आता जागा. स्वस्त म्हणून सगळे आऊटफिल्डची, म्हणजे बॅटरपासून लांबच्या टोकाची, तिकिटं घेतात. तिथे नंबर नसतो, जो आधी येईल त्याची जागा. घ्या, मीही घेतो, तिथली माणसं फार प्रेमळ असतात. पण या मैदानात होमप्लेट (जिथे बॅटर उभा असतो) वायव्येला आणि सेंटरफिल्ड (त्याच्या समोरचं लांबचं टोक) आग्नेयेला आहे, त्यामुळे आऊटफिल्डला संध्याकाळचा सूर्य थेट डोळ्यांत येतो. दुपारी तिसऱ्या बेसच्या बाजूला तोंडावर ऊन येतं, पहिल्या बेसच्या बाजूला ते पाठीशी राहतं. आईवडील भारतातून आले असतील आणि दुपारची मॅच असेल, तर पैसे मोजा आणि पहिल्या बेसच्या बाजूला वरच्या छताखाली बसा. वडिलांना घेऊन गेलो होतो तेव्हा मी हेच केलं, आणि त्यांनी नऊच्या नऊ इनिंग बघितल्या.

होमरनची वाट बघत बसणं हीही चूकच. सेंटरफिल्डची भिंत 408 फुटांवर, आणि दक्षिणेचा वारा बऱ्याचदा बॅटरच्या तोंडावर येतो. 2011 मध्ये धातूच्या बॅटचा उसळा नियमाने कमी केला, आणि 2013 च्या अख्ख्या स्पर्धेत फक्त तीन होमरन झाले. 2015 पासून चपट्या शिवणीचा बॉल आला, तो जास्त लांब जातो, तेव्हापासून चित्र बदललं. तरी इथली खरी मजा बंट (बॅट नुसती टेकवून हळूच ढकललेला बॉल), चोरलेला बेस (पिचर बॉल टाकत असताना धावून गाठलेला पुढचा बेस) आणि तिसऱ्या बेसवरून निघालेला थ्रो यांत आहे. ज्याला दर पाच मिनिटांनी षटकार हवा असतो त्याला मी शेजारी बसवून एक इनिंग फक्त कॅचरकडे (बेसबॉलच्या विकेटकीपरकडे) बघायला लावतो. कॅचर कुठे सरकतो, मिट (त्याचा ग्लोव्ह) कुठे धरतो, एवढंच. त्यानंतर बहुतेक जण मोबाईल खिशात ठेवतात.

आणि तो ठेवावाच. बेसलाइनजवळ बसलात तर धातूच्या बॅटवरून सुटलेला फाऊल बॉल मान वर करायलाही वेळ देत नाही. लहान मूल सोबत असेल तर जाळीच्या मागचीच जागा घ्या.