असेंब्लीचा छंद करायचाय? मग ग्राफिंग कॅल्क्युलेटर असा निवडा

‘सगळ्यात नवीन, रंगीत आणि वेगवान मॉडेल घे’ हा सल्ला गणित करणाऱ्यांसाठी ठीक आहे. असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचना एकेक करून लिहायची भाषा) लिहिणाऱ्याने तो सरळ कानाआड करावा. आपल्याला बघायचं असतं ते एवढंच, की आत प्रोसेसर कोणता आहे आणि आपण लिहिलेला मशीन कोड तो कॅल्क्युलेटर मुकाट्याने चालवतो का.

१. आधी प्रोसेसर, मग मॉडेल

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स (टीआय) कंपनीच्या टीआय-८३ प्लस आणि टीआय-८४ प्लसमध्ये झेड८० प्रोसेसर असतो. आठ बिटांचा, मोजक्या रजिस्टरांचा (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतला आकडे ठेवायचा कप्पा). ८३ प्लस ६ मेगाहर्ट्झवर चालतो, ८४ प्लस १५ पर्यंत जातो. स्क्रीन ९६ बाय ६४, काळीपांढरी. एका बाइटमध्ये आठ ठिपके, म्हणजे अख्खी स्क्रीन ७६८ बाइटमध्ये मावते. कुठला ठिपका कुठल्या बाइटच्या कुठल्या बिटात आहे हे कागदावर काढता येतं, आणि शिकताना याचं मोल फार आहे.

टीआय-८९ मध्ये मोटोरोला ६८००० आहे. रजिस्टरं ३२ बिटी, सूचनासंच सुटसुटीत. झेड८० चा कंटाळा आला की इकडे या. टीआय-८४ प्लस सीईमध्ये ४८ मेगाहर्ट्झचा ईझेड८० आणि ३२० बाय २४० ची रंगीत स्क्रीन. एचपी-४८ चा सॅटर्न प्रोसेसर चार-चार बिटांनी मेमरी मोजतो. मजेशीर आहे, पण पहिल्या खेपेला नको. कॅसिओच्या सुपरएच प्रोसेसरवाल्या मॉडेलांवर बहुतेक मंडळी सी भाषेतच लिहितात.

माझं मत विचाराल तर पहिला कॅल्क्युलेटर काळापांढरा टीआय-८४ प्लसच घ्यावा. टीआय-८३ प्लसही चालेल, पण त्याला यूएसबी नाही, जोडणीची वेगळी केबल शोधत बसावं लागतं.

२. ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती: इथेच लोक फसतात

काळापांढरा ८४ प्लस घेणार असाल तर ही पायरी ओलांडा. त्याची २.५५ एमपी आवृत्तीसुद्धा असेंब्ली चालवते. रंगीत सीईवर मन बसलं असेल तर मात्र नीट वाचा.

२०२० मध्ये टीआयने सीई मालिकेच्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीममधून असेंब्ली प्रोग्रॅम चालवण्याची सोय काढून टाकली. त्यामुळे आज दोन सीई शेजारी ठेवले तर नाव तेच, रंग तोच, बटणं तीच; एक तुमचा कोड चालवेल आणि दुसरा एरर दाखवून मोकळा होईल. डब्यावरून किंवा जाहिरातीतल्या फोटोवरून यातलं काहीही कळत नाही.

म्हणून जुना सीई घेताना विकणाऱ्याला एकच काम सांगा: सेकंड बटण, मग अधिकचं बटण, मेमरीच्या यादीतला ‘अबाउट’ हा पहिला पर्याय, आणि त्या स्क्रीनचा फोटो. फोटोत ५.४ किंवा त्याखालची आवृत्ती दिसली तर बिनधास्त घ्या. ५.५.१ किंवा त्यापुढची असेल तर दार बंद आहे असं समजा. पायथनवाल्या आवृत्तीच्या वाटेला तर जाऊच नका. ती आलीच मुळी हा बदल झाल्यानंतर.

‘प्रोग्रॅम चालतात हो, मी गेम खेळलोय’ या उत्तरावर भिस्त ठेवू नका. बेसिक या कॅल्क्युलेटरच्या सोप्या भाषेतले प्रोग्रॅम कुठल्याही आवृत्तीवर चालतात, त्यावरून असेंब्लीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आणि विकणाऱ्याला स्पष्ट बजावा की पाठवण्याआधी अपडेट करू नका. बिचारे चांगल्या मनाने ‘अद्ययावत करून देतो’ म्हणतात आणि नेमका तिथेच घोळ होतो. सीईवर एकदा वर चढवलेली आवृत्ती सहसा खाली उतरवता येत नाही. ‘घेऊ तर खरं, मग बघू’ हा विचार म्हणूनच महागात पडतो. घरी आल्यावर संगणकावरचं जोडणीचं सॉफ्टवेअर अपडेट सुचवेल, तेही नाकारा.

बंद केलेलं दार उघडणारा आर्टिफाईस नावाचा छंदिष्टांनी लिहिलेला प्रोग्रॅम आहे, हे खरं. सीई आधीच हाताशी असेल तर तो जरूर वापरा. पण पुढच्या एखाद्या अपडेटने बुजेल अशा खिंडारावर विसंबून मुद्दाम नवी खरेदी करणं मला पटत नाही.

३. वस्तू हातात आल्यावर

सगळी बटणं दाबून बघा, स्क्रीनवर मेलेल्या रेघा नाहीत ना ते पाहा, बॅटरीच्या खोबणीत गंज शोधा. झालं.

४. पहिला कोड चढवण्याआधी

कोड आधी एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर कॅल्क्युलेटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवा. त्याला लागणारा रॉम (कॅल्क्युलेटरच्या कायमच्या मेमरीतल्या सॉफ्टवेअरची प्रत) आपल्याच कॅल्क्युलेटरमधून काढून घ्या.

८३ आणि ८४ प्लसवर प्रोग्रॅम मेमरीतल्या ९डी९५ या पत्त्यावर (आकडे सोळाच्या पद्धतीतले, हेक्साडेसिमल) चढतो आणि सी००० च्या पुढचा कोड चालू दिला जात नाही. म्हणजे चालणारा कोड ८,८११ बाइटमध्ये बसवायचा. डेटा पलीकडे ठेवला तर चालतो. सुरुवातीला ही जागा ऐसपैस वाटते, चित्रं आली की वाटत नाही.

स्क्रीनला थेट पोर्टमधून लिहिणारी जुनी उदाहरणं जशीच्या तशी उचलू नका. एलसीडीला दर बाइटनंतर थोडी उसंत लागते आणि जुन्या कोडमधली उसंत नंतरच्या काही स्क्रीनना पुरत नाही. मग चित्राच्या चिंध्या होतात आणि माणूस कॅल्क्युलेटर बिघडला म्हणून परत करायला निघतो. लिहिण्याआधी एलसीडी मोकळी आहे का हे तपासणारं रूटीन ऑपरेटिंग सिस्टीममध्येच आहे, ते वापरा.

तुमचा कोड अधूनमधून अडकणारच, आणि रॅम पुसली जाणारच. जे जपायचं ते अर्काइव्हमध्ये, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या फ्लॅश मेमरीत, हलवून ठेवा. नेहमीच्या क्रॅशमध्ये ते शाबूत राहतं. मूळ सोर्स फाइल मात्र संगणकावरच असू द्या.