जुन्या सायकलीचे ब्रेक-रबर कसे निवडावे, कसे बसवावे

सोलापुरात दांडीच्या ब्रेकची, म्हणजे केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी ब्रेक लागणारी काळी सायकल अजून बऱ्याच घरांत आहे. तिचा ब्रेक लागेनासा झाला की पहिला संशय दांड्यांवर जातो. दोष बहुतेक वेळा रबरात असतो. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या सायकलीचं रबर झिजण्याआधीच कडक होतं. नख रुतत नसेल, तर जाडी शिल्लक असली तरी बदला. नवीन घेतानाही नख लावून बघा, कारण दुकानात पडून राहिलेलं रबरही वाळतं.

दुकानात जुना गुटका, म्हणजे रिमवर दाबणारा रबराचा ठोकळा, सोबत न्या. दांडीच्या ब्रेकचा गुटका रिमच्या आतल्या अंगाला, आऱ्यांच्या शेजारी टेकतो. केबल ब्रेकचा रिमच्या कडेला. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. एका चाकाची जोडी एकदमच बदला.

बसवण्याआधी रिम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. रॉकेलने पुसायची सवय असेल तर ती इथे सोडा: मागे तेलकट थर राहतो आणि नवं रबरही घसरतं.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. रबर ज्या लोखंडी खोबणीत बसतं, तिचं एक तोंड बंद आणि एक उघडं असतं. चाक पुढे फिरताना गुटक्यापाशी रिम ज्या दिशेने जाते, त्या दिशेला बंद तोंड हवं. म्हणजे पुढच्या चाकाला ते पुढे येतं. मागच्या चाकाची ब्रेकपट्टी (गुटके धरणारी पट्टी) पायडलमागे खाली असेल, तर तिथे खाली. उलटं बसवलं तर जोरात ब्रेक दाबताच रबर खोबणीतून सरकून बाहेर पडतं, तेही नेमकं गर्दीत.

नट आधी हातानेच आवळा. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा, गुटका रिमवर पूर्ण टेकलाय आणि आऱ्यांना लागत नाही हे बघा, मग पान्याने घट्ट करा. वायसर विसरू नका. ब्रेक सोडल्यावर रिम आणि रबर यांत 2 ते 3 मिमी फट राहावी. कमी-जास्त असेल तर दांडीच्या जोडावरचा पेच सैल करून दांडी सरकवा.

चाक फिरवल्यावर रबर एकाच जागी घासत असेल, तर गुटके मागे घेत बसू नका. चाकात आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा आहे, तो आधी काढून घ्या. दांडीच्या ब्रेकला वर-खाली होणारा आऊट जास्त त्रास देतो, कारण गुटका त्याच दिशेने दाबतो.

पहिली चाचणी चालण्याच्या वेगाने, मोकळ्या जागी. दोन-तीन दिवसांनी नट पुन्हा तपासा, नवं रबर बसताना ते थोडे ढिले होतात. पावसाळ्यात काळ्या मातीतले खडे रबरात रुततात, ते दाभणाने काढा, नाहीतर रिमवर चरे पडतात. आणि लोखंडी रिम ओली असताना नवं रबरही उशिरा पकडतं, तेव्हा ब्रेक लवकर दाबायला सुरुवात करा.