वाड्यांचा अभ्यास सुरू करताय? सशापासून जपा

पुण्यातल्या जुन्या वाड्यांवर काम करायचंय, हेरिटेज वॉक घ्यायचेत, असं म्हणणाऱ्या नवीन मंडळींसाठी लिहितेय. शनिवारवाडा कुठे आणि पेशवे कोण हे तुम्हाला माहितीये, ते सोडून देते.

एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कहाणी जितकी छान, तितकी जास्त तपासा. पहिल्या बाजीरावाला कुत्र्याचा पाठलाग करणारा ससा दिसला आणि त्याने तिथेच शनिवारवाडा बांधायचं ठरवलं, हे सगळ्यांनी ऐकलंय, मीही लोकांना रंगवून सांगायचे. मग अहमदाबादला गेले तर 1411 मध्ये अहमदशहाने शहर वसवलं त्याचीही हीच गोष्ट, आणि विजयनगरचं वाचायला घेतलं तर ते वसवणाऱ्या हरिहर-बुक्कांसमोरही तोच ससा! म्हणजे ही फिरती गोष्ट आहे. नवी राजधानी आली की ससा येतो. तेव्हापासून मी एक कसोटी लावते, इमारतीचं नाव बदलून गोष्ट दुसरीकडे जशीच्या तशी सांगता येते का? येत असेल तर ती वहीत वेगळ्या पानावर. टाकून नाही द्यायची हं, लोकांना त्या जागेबद्दल काय वाटायचं ते त्यातूनच कळतं. पण 10 जानेवारी 1730 ची पायाभरणी, 22 जानेवारी 1732 ची वास्तुशांत आणि 1828 ची आग यांच्या रांगेत ससा बसवू नका, एकदा बसवला की ऐकणारा तो दहा जणांना इतिहास म्हणूनच सांगतो आणि मग परत काढता येत नाही.

शनिवारवाड्यातल्या भुताचंही तेच. 30 ऑगस्ट 1773 ला तिथे नारायणराव पेशव्यांचा खून झाला, अठरा वर्षांचा पोरगा होता तो. त्याच्या किंकाळ्या ऐकवतो म्हणून गर्दी जमवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

रील्स बघून अभ्यास होत नाही, स्पष्टच सांगते. मोडी लिपी शिका, जुने मराठी कागद त्यातच आहेत. अक्षरं लवकर येतात, पण पेशवे दफ्तरातलं, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांमधलं, घाईत लिहिलेलं एक पान लागायला जीव जातो, रडू येतं, सगळ्यांनाच येतं, त्यामुळे आपल्याला जमणार नाही असं समजून सोडू नका. आणि गुरू निवडताना एवढंच बघा, "हे कुठे लिहिलंय?" विचारल्यावर तो चिडतो की कागद दाखवतो. चिडला तर दुसरा शोधा, कितीही मोठं नाव असू दे.

सुरुवात विश्रामबागवाड्यापासून करा. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, 1821 मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, 1879 च्या आगीत बराच भाग जळला. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, महिरपी, वरचं लाकूडकाम शांतपणे बघा, हाताने स्केच काढा, फोटो नंतर.

पेठांमधल्या राहत्या वाड्यात मात्र कॅमेरा गळ्यात अडकवून घुसू नका. मालक-भाडेकरूंच्या केसेस चालू असतात, त्यांना वाटतं बिल्डरचा माणूस मोजमाप घ्यायला आला. आधी दारातूनच हाक मारा, कोण आणि कशासाठी ते सांगा, ओसरीवर बसा, आजी असतील तर त्यांना बोलू द्या. नको म्हणाले तर निघा. हो म्हणाले तर नंतर फोटोंच्या प्रिंट्स नेऊन द्या, पुढच्या वेळी माडीवरची बंद खोली तेच उघडून दाखवतात.