मॉडेलर घेतला आणि आवाज वाकळेखालून येतोय? विकायच्या आधी या चुका बघा

गणपतीच्या पंधरा दिवस आधी निपाणीचा एक पोरगा माझ्याकडे आला, पाठीवर गिटार, हातात मॉडेलरचा (गिटारच्या अॅम्प आणि स्पीकरची डिजिटल नक्कल करणारा डबा) खोका आणि तोंड एवढंसं. दादा, हा विकायचाय म्हणाला, पैसे पाण्यात गेले. म्हटलं आधी लाव तर खरं. माझा जुना प्रॅक्टिस अॅम्प कोपऱ्यात होता, त्याने सवयीने केबल घेतली आणि अॅम्पच्या पुढच्या भोकात घातली, जिथं रोज गिटार घालतात तिथं. वाजवलं. जाड वाकळ पांघरून आत कोणतरी वाजवत बसलंय असा आवाज. मी दोनच कामं केली, मॉडेलरमधला कॅब (स्पीकरच्या पेटीची नक्कल) बंद केला आणि केबल काढून अॅम्पच्या पाठीमागे रिटर्न लिहिलेलं भोक असतं त्यात घातली. पुढचा अर्धा तास तो मानच वर करेना, आणि जाताना खोका बगलेत मारून गेला, विकायचा विषयच निघाला नाही.

मी त्याला हसलो नाही कारण हीच चूक मी स्वतः सहा महिने केली होती. आपल्या बेळगावात हार्मोनियमचं काही विचारायचं असेल तर गल्लीत दोन जाणकार भेटतील, मॉडेलरचं तसं नाही, एकतर कोल्हापूरला नाहीतर हुबळीला जाऊन ऐकून आणायचा किंवा सरळ ऑनलाईन मागवायचा, आणि मग मॅन्युअल न उघडता रात्री अकराला सुरू व्हायचं. म्हणून जे मी आणि माझ्या ओळखीतल्या पोरांनी चुकून चुकून शिकलोय ते लिहून ठेवतो.

कॅबवर कॅब

सगळ्या चुकांची आई ही. लोकांना वाटतं मॉडेलर म्हणजे भारीतला डिस्टॉर्शन पेडल. तसं नाहीये ते. त्याच्या आत प्रीअॅम्प (सिग्नल घडवणारा भाग), पॉवर अॅम्प (स्पीकर हलवणारा भाग), स्पीकरचा कॅब आणि त्या कॅबसमोर ठेवलेला माईकसुद्धा, या सगळ्यांची नक्कल आहे, म्हणजे बाहेर येतो तो आवाज स्टुडिओत माईक लावून घेतल्यासारखा तयार आवाज असतो. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ८० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ एवढंच धड वाजवतो, त्याच्या वरचं गिळून टाकतो, आणि डिस्टॉर्शन गोड लागतं ते त्या गिळण्यामुळेच. आता मॉडेलरच्या आतल्या कॅबने एकदा गिळलं आणि परत तुमच्या खऱ्या अॅम्पच्या स्पीकरने गिळलं तर उरणार काय? वाकळ.

उलटी चूक पण तेवढीच होते. कोणतरी सांगतं की कॅब बंद कर, भारी वाजेल, आणि आपण तो बंद करून हेडफोन लावतो किंवा मिक्सरला लाईन देतो. मग वरचं काहीच गिळलं जात नाही आणि तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखा तडतड आवाज येतो, आणि आपण म्हणतो डिजिटल ते डिजिटलच.

त्यामुळे एवढंच डोक्यात ठेवा की सगळ्यात शेवटी हवा हलवणारा स्पीकर गिटारचा असेल तर मॉडेलरचा कॅब बंद, बाकी काहीही असेल, हेडफोन, स्टुडिओ मॉनिटर, पीए (कार्यक्रमातले मोठे स्पीकर), मंडपवाल्याचा मिक्सर, लॅपटॉप, तर कॅब चालू. अॅम्पला रिटर्न नसेल (छोट्या अॅम्पना बहुतेक नसतोच) तर पुढच्या भोकातच घाला पण मग अॅम्प मॉडेल आणि कॅब दोन्ही बंद करा, अॅम्प क्लीन ठेवा आणि मॉडेलरचे फक्त इफेक्ट वापरा. त्यात मॉडेलर घेतल्याची अर्धी मजा जाते हे खरंय. आणि सेटिंगमधे आउटपुट लाईन की इन्स्ट्रुमेंट असा पर्याय असेल तर तो पण बघून घ्या, अॅम्पच्या पुढच्या इनपुटला लाईन लेव्हल (गिटारपेक्षा बराच जोराचा सिग्नल) दिली की क्लीन सुद्धा फाटतं.

स्पीकर कुठला घ्यायचा

इथं मी जरा जास्त बोलणार कारण सगळे पैसे मॉडेलरवर घालवतात आणि स्पीकरला उरलं सुरलं. हातात चाळीस हजार असतील तर पस्तीसचा मॉडेलर आणि पाचाचा स्पीकर घेणारी पोरं मी बघितलीत, माझं ऐकाल तर अर्धे अर्धे करा. मधल्या किमतीचा मॉडेलर चांगल्या स्पीकरवर जितका वाजतो तितका महागडा मॉडेलर भिकार स्पीकरवर कधीच वाजत नाही.

होम थिएटरवर वाजवू नका. त्यात सब (फक्त बासचा स्पीकर) वेगळा, छोटे डबे वेगळे, आणि मधला भाग जिथं गिटार खरी राहते तोच पोकळ, शिवाय बास कंपनीनेच फुगवून ठेवलेला. ब्लूटूथ स्पीकर तर नकोच, त्याला आवाज पोचायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. आवाज हवेतून एका मीटरला साधारण ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे ब्लूटूथवर वाजवणं म्हणजे अॅम्प गल्लीच्या टोकाला पन्नास मीटरवर ठेवून इथून वाजवणं. बॅकिंग ट्रॅक ऐकायला ब्लूटूथ ठीक, गिटारला नाही.

घरीच वाजवत असाल तर ५ इंची अॅक्टिव्ह (आतच पॉवर अॅम्प असलेल्या) स्टुडिओ मॉनिटरची जोडी, विषय संपला. फक्त ते कोपऱ्यात नका ठेवू. माझी खोली म्हणजे शहापुरातल्या जुन्या घरातली, दोन्हीकडे नागड्या भिंती आणि खाली फरशी, मॉनिटर कोपऱ्यात कपाटावर ठेवले होते तर खालची ई वाजवली की ताटं वाजायची. भिंतीपासून फूटभर पुढं ओढले, ट्वीटर कानाच्या उंचीला आणले, समोरच्या भिंतीला गादी उभी करून लावली, एक रुपया खर्च न करता निम्मा गोंधळ गेला.

गणपती, लग्न, कॉलेजचे गॅदरिंग असं बाहेर वाजवणार असाल तर एफआरएफआर म्हणतात तो डबा लागतो. नाव मोठं आहे पण अर्थ साधा, फुल रेंज फ्लॅट रिस्पॉन्स, म्हणजे जे देशील ते जसंच्या तसं वाजवणारा अॅक्टिव्ह स्पीकर. गिटारसाठी म्हणून विकतात तो घेतला पाहिजे असं काही नाही, चांगला १० किंवा १२ इंची अॅक्टिव्ह पीए डबा तेच काम करतो, आणि घरच्या सत्यनारायणाला माईक पण लावता येतो, त्यामुळे घरातून परवानगी लवकर मिळते. पॅसिव्ह डबा मात्र चुकून घेऊ नका, त्याला वेगळा पॉवर अॅम्प लागतो, बहुतेक मॉडेलरमधे तेवढा दम नसतो. आणि खोक्यावर २००० वॅट लिहिलंय म्हणून भुलू नका, तो आकडा पीकचा असतो. वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट लागतात, त्यामुळे दुकानात वॅट विचारू नका, जास्तीत जास्त एसपीएल (डेसिबलमधला आवाज) किती ते विचारा.

रात्री बनवलेला प्रीसेट

ही चूक मला खानापुरात स्टेजवर कळली, चारशे लोकांपुढं. महिनाभर रात्री आई झोपल्यावर हळू आवाजात प्रीसेट (सेव्ह करून ठेवलेली सेटिंग) बनवला होता, बास ८, ट्रेबल ८, मिड ३, कानाला असा गुबगुबीत लागायचा की मीच माझ्यावर खूश. स्टेजवर पहिला कॉर्ड मारला तर खालून ढगाळ गडगडाट आणि वरून सुऱ्या. साउंडवाले मामा लांबून हात करून ओरडले, अण्णा, स्वल्प ट्रेबल कडिमि माडरी! मी ट्रेबल कमी केला तर गिटारच गायब, ड्रम आणि कीबोर्डच्या मधे कुठं गेली ती कळेना.

झालं होतं असं की आपला कान हळू आवाजात बास आणि ट्रेबल कमी ऐकतो, फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मधेच हे मोजून वक्र काढून ठेवलेत. रात्री आपण ते कमी ऐकू येणारं भरून काढतो, आणि मोठ्या आवाजात कान ते सगळं पूर्ण ऐकायला लागला की भरलेलं अंगावर येतं. म्हणून स्टेजचा प्रीसेट स्टेजच्या आसपासच्या आवाजातच बनवा. रविवारी दुपारी शेजारी जेवून पडायच्या आधी वीस मिनिटं मिळाली तरी पुरतात, फोनवर डेसिबलचं अॅप टाका आणि ८५ च्या आसपास ठेवा, फार वेळ नको, कान पण आपलेच आहेत. तेवढं जमत नसेल तर निदान इतका आवाज ठेवा की तारेवर पिक घासल्याचा टकटक आवाज स्पीकरच्या खाली झाकून जाईल.

आणि लो कट (फार खालचा आवाज कापणारा) हाय कट (फार वरचा कापणारा) वापरा. नीट ट्यून केलेल्या गिटारची खालची ई ८२ हर्ट्झची असते, त्याच्या खाली आपलं काही नाही, तो बेसवाल्याचा आणि किकचा प्लॉट आहे, तिथं अतिक्रमण कशाला. ८० ते १०० च्या दरम्यान लो कट, ६ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान हाय कट, आणि मिड वर घ्या. एकट्याने ऐकताना मिड कर्कश वाटतो, बँडमधे तोच तुम्हाला ऐकवतो.

बाकीच्या बारक्या चुका

फॅक्टरी प्रीसेट दुकानात ऐकवायला बनवलेले असतात, रिव्हर्ब डिले सगळं ओसंडून. एक रिकामा प्रीसेट घ्या, एक अॅम्प, एक कॅब, थोडा रिव्हर्ब, एवढंच. आठवडाभर तेवढ्यावर वाजवा. गेन तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा ठेवा, रेकॉर्ड करून ऐकलंत की पटेल.

आयआरचा नाद लागतो तो वेगळाच. आयआर म्हणजे खऱ्या कॅबचा आणि माईकचा ठसा, छोटीशी वेव्ह फाइल, आणि आवाजात सगळ्यात मोठा फरक अॅम्प मॉडेल बदलून नाही तर ही फाइल बदलून पडतो. पण मी सहाशे गोळा केल्या होत्या आणि एका संध्याकाळी गिटार न वाजवता नुसत्या फायली ऐकत बसलो तेव्हा आई म्हणाली, काय ते तेच तेच घरघर लावूलैस रे. तीन ठेवा, बाकी उडवा. फाइल लोड होत नसेल तर सॅम्पल रेट बघा, बऱ्याच मशीनना ठराविकच चालतो, ४८ किंवा ४४.१ किलोहर्ट्झ, जो मॅन्युअलमधे लिहिलाय तो.

अॅडॉप्टर हरवलं म्हणून कीबोर्डचं लावू नका. पेडलवाल्यांचं बहुतेक ९ व्होल्ट आणि मधे मायनस असतं, बऱ्याच कीबोर्डचं १२ व्होल्ट आणि मधे प्लस, पिन मात्र तंतोतंत बसते. बसते म्हणून घालायचं नसतं.

लाईट जाते हे आपल्याला सांगायला नको. सेव्ह न केलेला प्रीसेट लाईटीबरोबर जातो, म्हणून नॉब फिरवला, आवडलं, सेव्ह, असं बोटाला वळण लावा. फर्मवेअर (मॉडेलरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट वादळी पावसात तर अजिबात करू नका, अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली तर डबा बेशुद्ध पडू शकतो. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर घूं असा आवाज येतो तो तुमच्या मॉडेलरचा दोष नाही, लाईट आली की जातो.

घूं घूं आणि झिणझिण्या

लाईटीवर असतानाही घूं येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, खूप वेळा तोच चोर असतो. मग गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारेचा आवाज उचलणारा एकेरी गुंडाळीचा भाग) असेल तर खोलीत जरा गोल फिरा, ठराविक दिशेला आवाज कमी होतो. मिक्सरला जोडल्यावरच येत असेल तर मॉडेलरच्या एक्सएलआर (माईकसारखी तीन पिनांची केबल लागते ते भोक) जवळ ग्राउंड लिफ्टचं बटण असेल तर ते दाबा. प्लगची अर्थिंगची पिन कापून घूं घालवणारे उस्ताद आपल्याकडे आहेत, त्यांच्या नादी लागू नका. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तारेला किंवा माईकला झिणझिणी लागली तर ती गंमत नाही, गिटार खाली ठेवा, मेन बंद करा आणि वायरमनला बोलवून तिसऱ्या पिनेला खरंच अर्थिंग आहे का ते बघून घ्या, जुन्या घरात पुष्कळदा बोर्डाला तीन भोकं असतात आणि वायर दोनच.

स्टेजवर साउंडवाल्याला एवढं सांगा, गिटारची लाईन लाईन लेव्हलची आहे, गेन एकदम खाली घेऊन सुरू करा, आणि त्या चॅनेलचा ४८ व्होल्ट फँटम (मिक्सर काही माईकना केबलमधून देतो तो करंट) बंद ठेवा. काही मॉडेलरना फँटमने काही होत नाही, काहींच्या मॅन्युअलमधे स्पष्ट नको लिहिलेलं असतं, बंद ठेवण्यात आपलं जात काय.

आणि एवढं करूनही आवाज बिघडलेलाच असेल तर सगळ्या केबल काढा, गिटार ते मॉडेलर एकच केबल, कॅब चालू, आणि मॉडेलरच्या भोकात साधे वायरचे हेडफोन. तिथं नीट वाजलं तर डबा धडधाकट आहे, बिघाड त्याच्या पुढं, केबलमधे नाहीतर स्पीकरमधे. तिथंही घाण वाजलं तर गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणा, साफ झालं तर इनपुट फाटत होता. नाही झालं तर गिटारची केबल बदला. निपाणीच्या त्या पोराचा परवा परत फोन आलेला, आवाज तुटतोय म्हणून, ती केबलच निघाली.