जुन्या स्पंजावर नवी टँक लावताना

माशांच्या नव्या टँकसाठी कुणी आपल्या चालू टँकच्या फिल्टरमधला स्पंज द्यायला तयार झालं, तर आधी एकच विचारा: तुमच्याकडे मासे किती आहेत? स्पंज केवढा, किती जुना, हे नंतर. कोपरखैरण्याच्या माझ्या घरातून बरेच स्पंज लोकांनी नेलेत. पहिल्याच आठवड्यात ज्यांचे मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, त्यांच्या स्पंजात सहसा काही खोट नव्हती. मासे एकदम सोडले होते.

मासे कल्ल्यांतून अमोनिया टाकतात, विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही तो होतो. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पाणी बदललं की कमी होतं. हे जीवाणू पाण्यात फारसे नसतात. स्पंज, फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंग, खडी यांना चिकटून राहतात. म्हणून जुन्या टँकचं पाणी कॅन भरभरून नेऊन काही साधत नाही.

जुना स्पंज नव्या टँकला लावण्याला लोक विरजण लावणं म्हणतात. ते निम्मंच बरोबर आहे. चमचाभर विरजणाने रात्रीत पातेलंभर दही लागतं. या जीवाणूंना नुसतं दुप्पट व्हायलाच साधारण दिवस लागतो, नायट्राइट खाणाऱ्यांना बऱ्याचदा जास्त. म्हणजे स्पंजावर आज जेवढे आहेत तेवढ्यांवरच पहिले दिवस काढायचे. आणि आज ते तेवढेच आहेत, जेवढ्यांना रोज खायला मिळत होतं. सहा गप्पींच्या टँकमधला स्पंज सहा गप्पींपुरताच, मग तो हाताएवढा का असेना. त्या टँकमध्ये दोन स्पंज असतील आणि तुम्ही एकच आणलात, तर हिशोब तिघांचा.

स्पंज देणाऱ्याची टँक नीट बघून घ्या. अंगावर पांढरे ठिपके, कुरतडल्यासारखे पर-शेपट्या, एकाएकी मेलेले मासे, यातलं काहीही गेल्या महिना-दीड महिन्यात झालं असेल तर स्पंज घेऊ नका. त्या काळात नवे मासे आणले असतील किंवा औषध टाकलं असेल तरी थांबा. रोग स्पंजाबरोबर येतो, गोगलगायींची अंडीही येतात. देणाऱ्याचाही विचार हवा: एकूण मीडियापैकी (म्हणजे फिल्टरमधले स्पंज, रिंग वगैरे) एक तृतीयांशापेक्षा जास्त मी कधी देत नाही, आणि स्पंज दिला त्या दिवसापासून आठवडाभर माझ्या माशांना खाणं कमी घालते. घाई नसेल तर सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे तुमचा नवा कोरा स्पंज त्यांच्या टँकमध्ये महिना-दीड महिना चालू ठेवणं. मग कुणाचंच काही कमी होत नाही.

आता नेण्याचं. माझा भाचा कासारवडवलीला राहतो, त्याच्या दोन फुटी टँकसाठी स्पंज इथूनच गेला. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे, पुढे घोडबंदर रोडची बस. "मावशी, बाटलीत बुडवून नेऊ का, सांडणार नाही," म्हणाला. नको. गच्च भरलेल्या बंद बाटलीत ऑक्सिजन लवकर संपतो, आणि या जीवाणूंना तो सतत लागतो. स्पंज जुन्या टँकच्याच पाण्यात दोनदा हलकासा दाबून गाळ काढायचा, कारण गाळही ऑक्सिजन खातो. मग रुंद डब्यात ओलाचिंब ठेवायचा, तळाशी थोडं पाणी, वर भरपूर हवा. डबा उन्हात ठेवायचा नाही, रिक्षात सीटच्या मागच्या कप्प्यात तर नाहीच. तास-दीड तासाच्या प्रवासात काही बिघडत नाही.

निघायच्या आधी फोन करून नवी टँक भरून, फिल्टर चालू करून ठेवायला सांगा. पाणी क्लोरीनमुक्त हवं. नळाचं पाणी तसंच वापरलं तर ज्यांना एवढं जपून आणलं तेच मरतील. अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका, किंवा पाणी बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून दिवसभर ठेवा. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली असेल तर मी दोन-तीन दिवस माशांसाठी ते पाणी घेतच नाही. आपल्याकडच्या हवेत हीटर बहुधा लागत नाही. २५ ते ३० अंश या जीवाणूंना चांगलं मानवतं.

स्पंज थेट फिल्टरमध्ये, पाण्याच्या वाटेवर. नव्या फिल्टरच्या स्पंजाला खेटून बसवला तरी चालेल. सिरॅमिक रिंग असतील तर कांद्याच्या नायलॉनच्या जाळीत बांधून ठेवा. पाणी तासभर गढूळ दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नका. जुना तुकडा निदान दीड महिना काढायचा नाही.

त्यानंतर मासे सोडायच्या आधी स्पंजाची परीक्षा घ्या. ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते हीच खरी. अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर, पण कल्हईचा नको, रसायनांच्या दुकानातला शुद्ध घ्या. १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवा. दोन फूट बाय एक बाय एकच्या टँकमध्ये खडी वगैरे धरून साधारण ५० लिटर पाणी बसतं. त्यात हे द्रावण १५ मिली टाकलं की अमोनिया १ पीपीएमच्या (म्हणजे लिटरला १ मिलीग्रॅमच्या) आसपास येतो. २४ तासांनी थेंबांच्या किटने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही तपासा. पट्ट्यांच्या बऱ्याच किटमध्ये अमोनियाची पट्टीच नसते. दोन्ही शून्य आले तर पुन्हा १५ मिली टाका, म्हणजे जीवाणू उपाशी राहणार नाहीत. लागोपाठ दोन-तीन दिवस शून्य आलं तर थोडे मासे सोडायला टँक तयार. अमोनिया शून्य पण नायट्राइट वर असेल तर द्रावण थांबवा आणि ते उतरेपर्यंत वाट बघा. दुसरा गट मागे आहे एवढाच त्याचा अर्थ. मासे टँकमध्ये असताना हे द्रावण कधीही टाकायचं नाही.

मासे सोडण्याआधी निम्मं पाणी बदला. पहिल्या खेपेला चार-पाच गप्पी किंवा प्लॅटी, दिवसाला एकदाच चिमूटभर खाणं. गोल्डफिश नको, तो घाण फार करतो आणि दोन फुटी टँक त्याला मुळातच लहान पडते. पहिले दहा-बारा दिवस रोज टेस्ट करा. अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ पीपीएम दिसलं की त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदला आणि खाणं बंद. दोन आठवडे रीडिंग शून्यावर टिकलं की पुढचे चार-पाच मासे आणा, आणि त्यानंतरही तशीच टेस्ट चालू ठेवा.

वीज जाणार असल्याचा मेसेज आला तर बॅटरीचा एअर पंप लावून ठेवा. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर काही तास बंद पडला असेल तर चालू करण्यापूर्वी उघडून वास घ्या. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आतलं पाणी फेकून, मीडिया टँकच्या पाण्यात खळबळून मगच लावा, आणि पुढचे काही दिवस पुन्हा रोज टेस्ट.